दोन भोवरे

आमच्या गावात लहान पोरांना नाव विचारायची पद्धत नव्हती. सुट्टीत एस.टी.तून उतरून पारापाशी आलं, की कुणीतरी म्हातारी कपाळावर आडवा हात धरायची, डोळे बारीक करायची आणि म्हणायची, "कुणाची गं तू?" मी तोंड उघडायच्या आत तिला उत्तर सापडलेलं असायचं. "ऱ्हाऊ दे, कळलं. कानाची पाळी बघ की कशी चिकटल्याली. थोरल्या आईची पणती हाईस."

गाव साताऱ्याजवळचं, कृष्णेच्या काठचं. पुण्यात वाढलेल्या मला त्या कान बघण्याचा राग यायचा. गुरांच्या बाजारात दात बघतात तसं वाटायचं. आजीला मात्र हा कुलाचार होता. कान वडलांच्या आजीकडून, चाल आत्याकडून, राग आजोळाकडून, असं प्रत्येक नातवंडाचं वाटणीपत्र तिच्याजवळ तयार असे. नातवंड म्हणजे दुधावरची साय, हे सगळ्याच आज्या म्हणतात. आमची आजी पुढं म्हणायची, "साय बघून गाय सांगंन म्या."

ती खरंच सांगू शकायची का, हा प्रश्न आमच्या घराला एका माणसामुळं पडलेला होता. ते बापूतात्या.

बापूतात्यांची गोष्ट आजी दोन तऱ्हांनी सांगायची. आरंभ दोन्हींचा एकच. थोरली आई म्हणजे माझ्या वडलांची आजी, माझ्या आजीची सासू. तिचा मोठा मुलगा मुंबईत गिरणीत होता, परळच्या चाळीत त्याचं बिऱ्हाड. १९१८ साली मानमोडी आली. इन्फ्लुएन्झाला आमच्याकडं तेव्हा मानमोडीच म्हणत. त्या साथीत नवरा-बायको आठवड्याच्या अंतरानं गेली. मागं दोन वर्षांचा मुलगा राहिला. गावाला खबर लागून माणूस मुंबईला पोचेपर्यंत खोलीत दुसरंच बिऱ्हाड आलं होतं. पोर शेजारणीनं नेलं म्हणे. कुणी म्हणालं मिशनमध्ये दिलं, कुणी म्हणालं ती शेजारीण कोकणातली होती, ती गावी गेली.

अठरा वर्षांनी, ज्वारीच्या काढणीत, एक विशीतला तरुण पारावर येऊन बसला. सांभाळणाऱ्या बाईनं मरताना त्याला या गावाचं नाव सांगितलं होतं आणि बापाचं. एवढंच त्याच्याजवळ. भावकी जमली, उलटतपासणी झाली, पण दोन वर्षांच्या पोराला काय आठवणार? शेवटी थोरल्या आईपुढं नेला. तिला तोवर मोतीबिंदूनं दिसायचं बंद झालेलं. तिनं त्याला पुढ्यात बसवलं, मुंडासं काढायला लावलं आणि डोक्यावरून बोटं फिरवली. हरवलेल्या पोराच्या डोक्याला दोन भोवरे होते. जावळाच्या वेळी सगळ्यांनी पाहिलेले. दोन बायका करणार म्हणून थट्टाही झालेली.

एका सांगण्यात थोरल्या आईची बोटं दोन ठिकाणी थांबली आणि ती म्हणाली, "आमचाच हाय." दुसऱ्या सांगण्यात बोटं एकाच ठिकाणी फिरत राहिली. फिरता फिरता तिनं विचारलं, "जेवलास का रं?" तो म्हणाला, काल सकाळपासून नाही. मग ती सगळ्या भावकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमचाच हाय."

"मग भोवरे किती होते, आजी?"

"म्या काय मोजाय बसले व्हते? तव्यावर भाकरी व्हती माझी."

बापूतात्यांना निम्मी जमीन मिळाली. त्यांनी ती आमच्या निम्मीपेक्षा बरी राखली. पाठीमागं भावकीतले दोघे-तिघे त्यांना 'तोतया' म्हणत, तेही आवाज खाली करून.

साताऱ्याला बाजाराला गेलं की आजी अजिंक्यताऱ्याकडं हात करून ताराबाईचं सांगायची. शाहूमहाराजांना पुत्र नव्हता, तेव्हा ताराबाईनं रामराजाला पुढं केलं: हा माझा नातू, शत्रूच्या भीतीनं जन्मतःच लपवला होता, एका शिपायाच्या बायकोनं वाढवला. शाहू १७४९ च्या डिसेंबरात गेले, रामराजा छत्रपती झाला. वर्ष पुरं व्हायच्या आत, १७५० च्या नोव्हेंबरात, पेशव्यांशी वागण्यावरून बिनसलं आणि म्हाताऱ्या ताराबाईनं त्याला याच किल्ल्यावर कैद केलं. पुढं ती म्हणू लागली की हा माझा नातूच नव्हे, हा कुणी गोंधळी. १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढं पेशव्यांशी समेटाची शपथ झाली, तेव्हा हेही तिनं शपथेवर सांगितलं. आजीचा निकाल एका वाक्याचा होता. "नातू म्हणून आणला आन् ऐकंना म्हणून न्हाई म्हणली." रामराजा खरा की खोटा यावर इतिहासकार अजून भांडतात. भांडणारच. नातं त्या काळी आजीच्या जिभेवर राहायचं. साक्षीदार ती, पुरावा ती आणि न्यायाधीशही तीच.

१९८० मध्ये मी पुण्यातल्या एका ब्लड बँकेत टेक्निशियन म्हणून लागले. आजीला ते काम आवडलं नव्हतं, पण सुट्टीला गेले की ती खोदून खोदून विचारायची. रक्तावरून बाप कळतो का? मी तिला सांगितलं, की रक्तगटावरून एवढंच कळतं की हा बाप नव्हे. आई ओ गटाची, मूल बी गटाचं आणि समोरचा पुरुष ए गटाचा असेल, तर त्याला मोकळं सोडता येतं. पण गट जुळला म्हणून तोच बाप असं होत नाही. बी गटाची माणसं रस्त्यावर वाटेल तितकी. आजी विचार करून म्हणाली, "म्हंजी तुझं रगत न्हाई म्हणाय शिकलं. व्हय म्हणाय कवा शिकणार?"

हा प्रश्न जगात दुसऱ्या टोकाला काही म्हाताऱ्यांनी आधीच विचारला होता, हे मला चार-पाच वर्षांनी कळलं. मूत्रपिंडाचं रोपण करताना दाता आणि रोगी जुळतात का, हे बघण्यासाठी पांढऱ्या पेशींवरच्या खुणा तपासतात. त्यांना एचएलए म्हणतात. ते शिकायला मला पाठवलं होतं. नखाएवढ्या खळग्यांच्या तबकड्या, प्रत्येक खळग्यात वेगळं अँटीसीरम, त्यात रुग्णाच्या पेशी, वर सशाच्या रक्तातलं पूरक द्रव्य. जिथं खूण जुळेल तिथं पेशी मरते आणि रंग पिते. दिवसभर सूक्ष्मदर्शकात मेलेल्या पेशी मोजायच्या. मान दुखायची. आमच्या शिकवणाऱ्या डॉक्टरांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं की याच तबकड्यांवर अर्जेंटिनात आज्यांनी नातवंडं शोधली. मला वाटलं, थट्टा करतायत.

अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ ला लष्करानं सत्ता घेतली, ती १९८३ च्या डिसेंबरापर्यंत सोडली नाही. मधल्या वर्षांत तिथं माणसं 'गायब' होत. रात्री घरातून उचलायची, गुप्त छावणीत ठेवायची आणि नंतर अशी कुणी व्यक्ती आमच्याकडं नाही म्हणायचं. मानवी हक्कांच्या संघटना हा आकडा ३०,००० धरतात. त्यांत गरोदर बायकाही होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवत. राजधानी बुएनोस आइरेसमधल्या नौदलाच्या यंत्रविद्या शाळेत तर त्यासाठी वेगळी खोली होती. बाळ झालं की आईला संपवायचं आणि बाळ लष्करातल्या, पोलिसांतल्या किंवा त्यांच्या ओळखीच्या घरी द्यायचं, खोट्या जन्मदाखल्यासकट. अशी सुमारे ५०० मुलं, असा आज्यांचा अंदाज आहे.

आज्यांचा, कारण मोजदाद करायला दुसरं कुणी नव्हतंच. गायब झालेल्यांच्या आया एप्रिल १९७७ पासून सरकारवाड्यासमोरच्या प्लासा दे मायो या चौकात फेऱ्या घालू लागल्या होत्या. थांबायला बंदी, म्हणून चालायचं. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरा रुमाल, तोही सुरुवातीला बाळाचं लंगोटाचं कापड. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांतल्या १२ जणी वेगळ्या एकत्र आल्या. त्या मुलांबरोबर नातवंडंही शोधत होत्या. त्यांना आता सगळं जग 'आबुएलास', आज्या, याच नावानं ओळखतं. कॉफीच्या जुन्या दुकानांत त्या कुणाचा तरी वाढदिवस असल्यासारख्या बसत. टेबलावर केक, हसणं मोठ्यानं आणि मधल्या मधे कुठल्या पोलिसाच्या बायकोला दिवस न जाताच बाळ झालं त्याची चौकशी. आपल्याकडं हळदीकुंकवात जी खबर काढतात, तीच ही विद्या. पण इथं पकडलं गेलं तर जीव जायचा.

त्यांतल्या मारिया इसाबेल मारियानी, सगळे त्यांना चिचा म्हणत, ला प्लाता शहरात शाळेत कलेचा इतिहास शिकवत. त्यांचा मुलगा आणि सून यांचं घर बाहेरून सशांच्या पैदाशीचा धंदा होता. आत खोट्या भिंतीमागं छापखाना. २४ नोव्हेंबर १९७६ ला सैन्य आणि पोलीस त्या घरावर तुटून पडले. सून मारली गेली. मुलगा घरी नव्हता, त्याला पुढच्या वर्षी मारलं. घरात या दोघांची तीन महिन्यांची मुलगी, क्लारा आनाही, होती. ती गेली असं चिचांना सांगण्यात आलं. त्यांनी ते मानलं नाही, कारण तिला जिवंत बाहेर नेल्याच्या खुणा त्यांना मिळत गेल्या. पण ती आता समोर आली तरी ओळखणार कशी? तीन महिन्यांच्या मुलीचा चेहरा पुढं काय होतो हे कोण सांगणार? आमच्या थोरल्या आईकडं निदान भोवरे तरी होते.

१९७९ मध्ये ला प्लाताच्या वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. एक माणूस आपलं मूल नाकारत होता आणि रक्ताच्या तपासणीवरून तो बाप ठरला. चिचांनी ते कात्रण जपून ठेवलं. इतरांनी ती बापाची बातमी म्हणून वाचली असेल. आज्यांनी विचारलं: बापच नसेल, आईही नसेल, तर आजीच्या रक्तावरून कळेल का? परदेशी जिथं म्हणून जायला मिळालं, तिथल्या शास्त्रज्ञांना त्या हा एकच प्रश्न विचारत राहिल्या. बरेच जण म्हणाले, कल्पना नाही. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना डॉ. व्हिक्टर पेन्चासादेह भेटले. हे आनुवंशिकीतले तज्ज्ञ मूळचे अर्जेंटिनाचेच, १९७५ मध्ये स्वतःवर अपहरणाचा प्रयत्न झाल्यावर देश सोडून आलेले. आजीच्या रक्ताचा विचार आजवर कुणी केलेलाच नव्हता, हे त्यांनाही जाणवलं. त्यांनी हालचाल केली आणि लोकशाही परतल्यावर, १९८४ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीहून मेरी-क्लेअर किंग अर्जेंटिनात आल्या. माणूस आणि चिंपँझी यांच्या प्रथिनांत ९९ टक्के साम्य आहे, हे १९७५ मध्ये सांगणाऱ्या दोघांपैकी एक त्या. पुढं स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेल्या जनुकाचा ठावठिकाणा त्यांनीच लावला.

अडचण नेमकी काय होती, ती मला आजीच्या भाषेत सांगायला आवडतं. दूध सांडून गेलंय. हातात साय आहे आणि गोठ्यात गाय आहे. मधला दुवा नाही. बाप आणि मूल यांच्यात तो दुवा सरळ असतो: मुलाच्या प्रत्येक खुणेच्या जोडीतली एक आईची, एक बापाची. आजीकडून मात्र पाव वाटा येतो आणि तोही सरासरीनं. आजीच्या दोन खुणांपैकी कुठली मुलाकडं गेली आणि तिथून नातीकडं आली की वाटेतच राहिली, हा दोनदा उडवलेल्या नाण्याचा खेळ. म्हणून एका आजीवर भागत नाही. चारी आजी-आजोबा बसवायचे. एक गेला असेल तर त्याची उरलेली मुलं, म्हणजे काका, मावश्या. त्यांच्या खुणांवरून गायब झालेल्या आई-बापांच्या खुणा पुन्हा मांडायच्या. आमच्या एचएलए तबकडीचा उपयोग इथं झाला, कारण माणसामाणसांत सगळ्यांत जास्त वैविध्य या खुणांत असतं आणि त्या गठ्ठ्यानं पुढं जातात. नातीत सापडलेला गठ्ठा आईच्या आईत आहे आणि दुसरा बापाच्या बापात, तर मग विचारायचं, की रस्त्यावरून धरून आणलेल्या चार परक्या म्हाताऱ्यांत असं जुळायची शक्यता किती? ती जितकी कमी, तितकं नातं पक्कं. या हिशेबाला तिथं नाव मिळालं 'आबुएलिदाद'चा निर्देशांक. मराठीत आजीपणाचा निर्देशांक म्हणावं लागेल. जगातल्या कुठल्याही शास्त्रात आजीच्या नावाचं दुसरं परिमाण मला माहीत नाही.

अशा खटल्यातली पहिली मुलगी पाउला लोगारेस. तिला १९७८ मध्ये, दोन वर्षांची व्हायला महिना असताना, उरुग्वेतल्या मोन्तेव्हिदेओत आई-बापांसकट पकडलं होतं. एका पोलीस अधिकाऱ्यानं तिला स्वतःची मुलगी म्हणून नोंदवलं, जन्मतारीख जवळजवळ दोन वर्षं पुढं ढकलून. आईची आई एल्सा पावोन यांनी तिला शोधून काढलं. बुएनोस आइरेसच्या दुरांद हॉस्पिटलात डॉ. आना मारिया दी लोनार्दो यांच्या प्रयोगशाळेत रक्तं तपासली गेली, नातं जुळलं आणि डिसेंबर १९८४ मध्ये कोर्टानं आठ वर्षांची पाउला आजीकडं सोपवली. मुलगी रडत होती, तुम्ही माझ्या कुणी नाही म्हणत होती. आजीनं तिला सांगितलं, तू तुझ्या बापाला क्लाउदिओ म्हणता येत नव्हतं म्हणून 'कालिओ' म्हणायचीस. पाउलानं तो शब्द हळूच उच्चारून पाहिला. आणि मग वेगळंच रडली.

हे वाचलं तेव्हा मी टेक्निशियन असूनही मला तबकड्यांपेक्षा तो 'कालिओ' महत्त्वाचा वाटला. नंतर मत बदललं. तो शब्द तिच्या तोंडी आला, कारण तबकड्यांनी तिला आधी आजीच्या दारापर्यंत आणलं होतं. आणि जी पोरं जन्मल्या दिवशीच उचलली, त्यांच्या तोंडात कुठला शब्द असणार?

१९८७ मध्ये तिथं कायदा करून राष्ट्रीय आनुवंशिक विदा बँक काढली. मी ज्या बँकेत काम केलं तिथं रक्त ठेवतात ते वापरायला, पस्तीस-चाळीस दिवसांत टाकून द्यायला. ही बँक वाट बघायची. आज्या म्हाताऱ्या होत चालल्या होत्या. त्यांनी आपलं रक्त देऊन ठेवलं, म्हणजे नातू उद्या आला आणि आपण नसलो, तरी त्याला 'कुणाचा रे तू?' विचारणारं कुणी असेल. पुढं डीएनए आला आणि काम सोपं झालं. तंतुकणिकांमधला डीएनए फक्त आईकडून येतो, त्यामुळं आईची आई किंवा तिची बहीण एकटी पुरते. मुलगा असेल तर बापाच्या बापाचं वाय गुणसूत्र त्याच्यात जसंच्या तसं. आणि मुलगी असेल तर बापाची आई. बाप मुलीला जो एक्स देतो तो त्याला त्याच्या आईकडूनच मिळालेला असतो. म्हणजे माझ्या दोन एक्सपैकी एक सबंध आमच्या आजीचा. पाव वाटा वगैरे सरासरी असेल, हा मात्र रोख व्यवहार.

या आज्यांची मला सगळ्यांत नवल वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्यांची नातवंडं चोरली, त्या छातीशी धरतील ते पोर आपलं म्हणायला उतावीळ असणार, असं कुणालाही वाटेल. त्यांनी उलट केलं. आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका, आम्हाला तपासा, असं त्याच म्हणाल्या. कारण चुकीचं पोर घरी आणलं, तर दुसऱ्या कुठल्या तरी आजीचं पोर आपण दाबून ठेवलं असं होतं. आणि आपलं कुठं आहे ते राहतंच.

२०१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी हे किती कठीण असतं ते सगळ्या देशानं पाहिलं. चिचा मारियानी ९२ वर्षांच्या. एक बाई खासगी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन आली, मीच क्लारा आनाही. चिचांनी तिला मिठी मारली, फोटो जगभर गेले. दुसऱ्याच दिवशी कळलं की सरकारी बँकेत त्या बाईची तपासणी आधीच होऊन नातं जुळलेलं नव्हतं. मिठी मारलेले हात सोडावे लागले. चिचा २०१८ च्या ऑगस्टात गेल्या. क्लारा आनाही अजून सापडलेली नाही. ज्यांच्या कात्रणापासून सगळं सुरू झालं, त्यांच्याच पदरात ते पडलं नाही.

त्यांच्यानंतर आज्यांच्या संघटनेच्या अध्यक्ष झालेल्या एस्तेला दे कार्लोत्तो यांना मात्र ३६ वर्षांनी ऑगस्ट २०१४ मध्ये नातू मिळाला, शोधलेल्यांत ११४ वा. तो शेतमजूर जोडप्याच्या घरी ओलाव्हारिया या गावाकडं वाढलेला, पियानो वाजवणारा. आपण या घरचे नाही असं कळल्यावर स्वतः होऊन तपासणीला गेला. एस्तेलांच्या मुलीला, लाउराला, बाळंतपणानंतर दोन महिन्यांनी मारून प्रेत घरी दिलं होतं. बाळ झालं होतं हे १९८५ मध्ये तिच्या हाडांवरून कळलं. त्या बाळाचा बाप कोण, हे नक्की सांगणारं एस्तेलांकडं कुणी नव्हतं. निकाल आला तेव्हा दुसरीकडं, पातागोनियातल्या कालेता ओलिव्हियात, नव्वदीतली आणखी एक आजी सापडली. तिच्या घरच्यांनी मुलाच्या अस्थी ओळखण्यासाठी रक्त दिलं होतं. मुलगा गेल्याचं कळलं होतंच, आता नातू मिळाला.

सगळ्यांनाच मिठी हवी असते असं नाही. वाढवणारी माणसं तुरुंगात जातील म्हणून काही मुलांनी वर्षानुवर्षं रक्त द्यायला नकार दिला. आता ती चाळिशीत आहेत, त्यांचं शरीर त्यांचं आहे. २००९ मध्ये कायदा झाला की कोर्ट रक्ताऐवजी कंगवा, टूथब्रश, कपडे यांवरून डीएनए घेऊ शकतं. मला हे अवघड वाटतं, पण मी आज्यांच्या बाजूची आहे. गुन्हा अजून चालू असताना त्याचा पुरावा त्या माणसाच्या अंगात आहे, याला तो तरी काय करणार? आणि १९८९ च्या बालहक्क करारात मुलाला स्वतःच्या ओळखीचा हक्क देणारं जे आठवं कलम आहे, ते अर्जेंटिनाच्या आग्रहानं आलंय. म्हणजे याच बायकांच्या. भारतानं १९९२ मध्ये त्या करारावर मोहोर उमटवली. आपल्याला त्याची गरज पडत नाही असं आपण धरून चालतो.

२०२५ च्या जुलैत १४० वं नातवंड सापडल्याचं जाहीर झालं. पहिल्या बारांपैकी मिर्ता बारावाये त्याच्या आदल्या वर्षी, ९९ व्या वर्षी गेल्या. त्यांचं सापडलं नाही. रक्त आहे.

गेल्या वर्षी आमच्या गावाकडचा रस्ता रुंद व्हायचा म्हणून जमिनीची मोजणी झाली. मोबदल्याचा आकडा ऐकून माझ्या पुतण्यानं फोन केला. "आत्या, तू त्यातली आहेस. तात्यांचा नातू आणि मी, गालातल्या बोळ्यावर होतं ना?" होतं. बापूतात्या खरे असतील, तर थोरल्या आईच्या नवऱ्याचं वाय गुणसूत्र तात्यांच्या नातवात आणि माझ्या पुतण्यात एकच असणार. अर्जेंटिनाला जे इतकं झगडून मिळालं, ते आमच्याकडं आता कुरिअरनं येतं. मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. वाय म्हणजे काय, किती खुणा बघतात. शिवाय हेही, की सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी आजोबांनी स्वतःच्या सहीनं दिलेली निम्मी जमीन कुठलंही कोर्ट त्यावरून परत देणार नाही. प्रयोगशाळेचा पत्ता मात्र दिला नाही.

मला तेव्हा ते बरोबर वाटलं. तिथं कुणाचं तरी पोर चोरलं होतं, इथं एक उपाशी पोर आपणहून आलं होतं, दोन्हींना एकच तराजू कशाला? पण रात्री झोप लागेना. आजीचं दुसरं सांगणं खरं असेल, तर थोरली आई "आमचाच हाय" म्हणाली त्याच दिवशी खऱ्या पोराचा शोध संपला. ते तेव्हा वीस वर्षांचं होऊन कोकणात कुठंतरी असेल. त्याला कुणी विचारायचं राहूनच गेलं. भाकरी दिली ती बरोबरच दिली, पण ती एका ताटावरून उचलून दुसऱ्या ताटात वाढली होती का, हे मला इतकी वर्षं सुचलं नव्हतं. आज्यांचा तो हट्ट, आम्हालाही तपासा, मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळला.

यंदा वैशाखात बापूतात्यांच्या पणतूचं जावळ होतं. मी गेले. पुतण्याही आला होता, बोलला कुणी काही नाही. मामाच्या मांडीवर पोर टाहो फोडत होतं, न्हावी वस्तरा चालवत होता आणि जुन्या बायका कडं करून उभ्या होत्या. भोवऱ्यावरून नातं ठरत नाही. ते सरळ आनुवंशिक नसतात, दोन भोवरे कुणाच्याही डोक्याला असतात. मी आयुष्यभर रक्तात काम केलेली बाई आहे, मला हे माहीत आहे. तरी शेवटची बट खाली पडली तेव्हा मी चष्मा पुसून घेतला आणि पुढं वाकले. पुतण्याही वाकला होता. तेवढ्यात पोराच्या आजीनं वाटीतली साय बोटांवर घेतली आणि त्याच्या गुळगुळीत डोक्यावर, टाळूपासून मानेपर्यंत, दाट थापून टाकली.